आजारी यंत्राची साक्ष : सुरू न होणाऱ्या संगणकाचा इतिहास

१/
९ फेब्रुवारी २०१०, मंगळवार. मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी नेहमीप्रमाणे मासिक सुधारणा प्रसृत केल्या. त्यांतली एक, विंडोजच्या गाभ्यात सतरा वर्षे दडून राहिलेला दोष बुजवणारी होती. पुढच्या एक-दोन दिवसांत ठिकठिकाणांहून एकाच स्वरूपाच्या तक्रारी येऊ लागल्या. आदल्या रात्रीपर्यंत सुरळीत चालणारा संगणक सुधारणा बसवून पुन्हा सुरू केला, की निळी स्क्रीन येई. परत सुरू केला, की परत तीच. सेफ मोडही चालेना.

२/
दोष सुधारणेचाच, असे सर्वांनी गृहीत धरले. मायक्रोसॉफ्टने तिचे स्वयंचलित वितरण थांबवले आणि तपास सुरू केला. निष्कर्ष अनपेक्षित निघाला. बंद पडलेल्या संगणकांत 'अल्युरॉन' नावाचा रूटकिट, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्यात लपून राहणारा घातक प्रोग्राम, आधीपासूनच होता. विंडोजच्या गाभ्यातील काही पत्ते कायम राहतील असे त्याने धरून ठेवले होते. सुधारणेने ते पत्ते हलले, रूटकिटचे पाऊल चुकले आणि यंत्र कोसळले.

३/
म्हणजे ते संगणक ९ फेब्रुवारीला आजारी पडले नव्हते. त्या दिवशी आजार फक्त उघडकीला आला. सुरळीत सुरू होणारे यंत्र निरोगी असतेच असे नाही, आणि बंद पडलेल्या यंत्राचा खरा दोष बंद पडण्याच्या क्षणीच जन्मलेला असतो असेही नाही. हा धडा २०१० मध्ये नवा नव्हता. त्याची मुळे १९८६ सालच्या लाहोरपर्यंत जातात, आणि त्याही मागे, संगणक 'जागा' होण्याच्या पद्धतीपर्यंत.

४/
१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याचे बटण दाबताच सर्वप्रथम बायोस हा चिपमध्ये कोरलेला छोटा प्रोग्राम चाले. तो स्मृती, कीबोर्ड इत्यादींची तपासणी करी आणि मग डिस्कवरचा अगदी पहिला सेक्टर वाची. हा सेक्टर केवळ ५१२ बाइटांचा. त्यात जे लिहिलेले असेल ते स्मृतीत ठेवायचे आणि सगळा कारभार त्याच्या हाती सोपवायचा, एवढेच बायोसचे काम. यालाच 'बूट' होणे म्हणतात.

५/
त्या ५१२ बाइटांत काय आहे, हे बायोस पाहत नसे. पुढे रूढ झालेल्या रीतीप्रमाणे तो फार तर शेवटच्या दोन बाइटांतली ठरावीक खूण तपासत असे. गडाच्या दरवाजावरच्या पहारेकऱ्याने पत्रावरचा शिक्का तेवढा पाहावा, मजकूर वाचूच नये आणि पत्र आणणाऱ्याच्या हाती किल्ल्या द्याव्यात, तसा हा प्रकार. संगणक एका माणसाच्या टेबलावरचे साधन होता तोवर या विश्वासात कुणाला धोका दिसला नाही.

६/
जानेवारी १९८६. लाहोरमध्ये संगणकाचे दुकान चालवणारे बासित आणि अमजद फारूक अल्वी हे दोघे भाऊ. हृदयाच्या नोंदींसाठी आपण लिहिलेल्या प्रोग्रामच्या चोरट्या प्रती कुठवर जातात ते पाहण्यासाठी एक युक्ती केली, असे त्यांनी पुढे सांगितले. ही युक्ती म्हणजे 'ब्रेन', आयबीएमच्या धर्तीच्या संगणकांवरचा पहिला व्हायरस. त्यात दोघांची नावे, दुकानाचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि 'लसीसाठी' संपर्क साधण्याची सूचनाही होती.

७/
ब्रेन ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीच्या पहिल्या सेक्टरमध्ये स्वतः ठाण मांडी. मूळ सेक्टर तो दुसरीकडे हलवी आणि ती जागा 'खराब' म्हणून नोंदवी, म्हणजे कुणी तिच्या वाटेला जाणार नाही. फ्लॉपीचे नावही तो बदलून 'ब्रेन' असे करी. हार्ड डिस्कला मात्र त्याचा संसर्ग होत नसे. मालकांच्या अपेक्षेपलीकडे तो देशोदेशी पसरला. २५ वर्षांनी, २०११ मध्ये, फिनलंडचे संगणक-सुरक्षातज्ज्ञ मिक्को हिप्पोनेन लाहोरला गेले, तेव्हा व्हायरसमधल्या पत्त्यावर ते दोघे भाऊ त्यांना भेटले.

८/
ब्रेनची सर्वांत महत्त्वाची करामत वेगळीच होती. तो स्मृतीत जागा असताना एखाद्या जाणकाराने पहिला सेक्टर उघडून पाहायचे ठरवले, तर ब्रेन ती विनंती मध्येच अडवी आणि हलवून ठेवलेला मूळ, स्वच्छ सेक्टर त्याच्यापुढे करी. पाहणाऱ्याला सर्व काही ठीक दिसे. संगणकाला त्याच्याच प्रकृतीविषयी विचारले आणि आजाराने संगणकाच्या तोंडून उत्तर दिले, असा हा पहिला ठळक प्रसंग.

९/
यातून दुरुस्तीचा पहिला नियम जन्मला : संशयित यंत्राची साक्ष त्याच्याच तोंडून घेऊ नये. संगणक पूर्ण बंद करावा, म्हणजे स्मृतीतला व्हायरस नाहीसा होतो. मग स्वच्छ असल्याची खात्री असलेल्या फ्लॉपीवरून तो सुरू करावा, आणि नंतरच डिस्क तपासावी. त्या फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने बंद केलेली असे. खाच बंद असली की ड्राइव्ह तिच्यावर लिहू शकत नसे. एवढीशी चिकटपट्टी हे त्या काळातले मोठे संरक्षण होते.

१०/
संसर्गाचा मार्ग मात्र रोजच्या सवयीतून जात होता. संध्याकाळी काम संपवताना फ्लॉपी ड्राइव्हमध्ये तशीच राही. सकाळी बटण दाबले की बायोस आधी फ्लॉपीचा पहिला सेक्टर वाची. 'ही डिस्क सुरू करण्यायोग्य नाही' असा संदेश पडद्यावर येई, माणूस फ्लॉपी काढून पुढे जाई. पण तो संदेश दाखवणारा तुकडाही पहिल्या सेक्टरमधलाच प्रोग्राम असतो. त्या जागी व्हायरस असेल, तर संदेश दिसेपर्यंत तो हार्ड डिस्कवर पोहोचलेला असे.

११/
हार्ड डिस्कपर्यंत जाणारा एक प्रसिद्ध व्हायरस म्हणजे १९८७-८८ च्या सुमारास न्यूझीलंडमध्ये आढळलेला 'स्टोन्ड'. त्याच्यातच फेरफार करून कुणीतरी दुसरा व्हायरस रचला. तो दरवर्षी ६ मार्चला डिस्कचा सुरुवातीचा भाग निरर्थक मजकुराने भरून टाकी. ६ मार्च हा इटालियन शिल्पकार मायकेलँजेलोचा जन्मदिवस (१४७५), म्हणून संशोधकांनी त्याला ते नाव दिले. व्हायरसमध्ये स्वतः शिल्पकाराचा उल्लेखही नाही.

१२/
६ मार्च १९९२ जवळ येताच वृत्तपत्रांनी हलकल्लोळ माजवला. पन्नास लाखांपर्यंत संगणक बंद पडतील, असे अंदाज छापून आले. प्रत्यक्षात नुकसान झालेल्या यंत्रांची संख्या दहा-वीस हजारांच्या घरात धरली जाते. व्हायरसविरोधी प्रोग्रामांची विक्री मात्र प्रचंड वाढली. या घटनेकडे केवळ अफवा म्हणून पाहणे सोपे आहे. पण ज्यांच्या डिस्क त्या सकाळी उघडल्या नाहीत, त्यांच्यासाठी ती अफवा नव्हती.

१३/
याच दशकात पुण्यातही दोन भाऊ या लढाईत उतरले. सातारा जिल्ह्यातून आलेल्या कुटुंबातले कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणक-दुरुस्तीकडे वळले होते. धाकटे संजय मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरसग्रस्त यंत्रे वाढू लागली, तेव्हा संजय यांनी ती स्वच्छ करणारे छोटे प्रोग्राम लिहिले. त्यांतूनच १९९५ च्या सुमारास 'क्विक हील' हे उत्पादन उभे राहिले. लाहोरचे दोन भाऊ आणि पुण्याचे दोन भाऊ, दोन्ही जोड्या दुकानातूनच या इतिहासात आल्या.

१४/
दुरुस्तीची साधने सुलभ होत गेली, तसा उतावीळपणाचा धोकाही वाढला. १९९१ च्या एमएस-डॉस ५.० मध्ये 'एफडिस्क' या आज्ञेला एक अधिकृत पुस्तिकेत न नोंदलेला पर्याय होता. तो हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधला प्रोग्राम नव्याने लिहून देई. 'स्टोन्ड'सारख्या व्हायरसवर तो रामबाण ठरे. स्वाभाविकच संगणक सुरू झाला नाही, की आधी हीच आज्ञा द्यायची, अशी सवय अनेकांना लागली.

१५/
'मंकी' नावाच्या व्हायरसने ही सवय महागात पाडली. तो पहिल्या सेक्टरमधला विभागांचा तक्ता मूळ जागी ठेवतच नसे. तक्त्यासह मूळ सेक्टर तो सांकेतिक रूपात दुसरीकडे ठेवी. स्वच्छ फ्लॉपीवरून संगणक सुरू केला, की 'सी' ड्राइव्ह अस्तित्वातच नाही असे दिसे. घाबरून वरची आज्ञा दिली, तर व्हायरस जाई. पण मूळ सेक्टर कुठे आणि कसा ठेवला आहे हे जाणणारा एकमेव प्रोग्रामही त्याच्याबरोबर जाई.

१६/
१९९४ मध्ये आढळलेला, स्लोव्हाकियात उगम पावलेला 'वन हाफ' आणखी धूर्त होता. प्रत्येक वेळी संगणक सुरू होताना तो डिस्कच्या शेवटाकडून थोडाथोडा भाग कुलूपबंद करी. वापरणाऱ्याला मागितलेली फाइल तो तत्काळ उलगडून देई, म्हणून काही बिघडल्याचे जाणवत नसे. किल्ली त्याच्याजवळच असे. त्याला पुसून टाकणाऱ्याने किल्लीही पुसलेली असे. यातून दुसरा नियम आला : आधी डिस्कची प्रत, मग उपचार. आजाराला हाकलण्यापूर्वी त्याच्या हातात काय आहे ते पाहावे.

१७/
२६ एप्रिल १९९९ हा दिवस या इतिहासात वेगळा आहे. तैवानच्या तातुंग येथील विद्यार्थी चेन इंग-हाऊ याने आदल्या वर्षी रचलेला 'सीआयएच' व्हायरस त्या दिवशी जगभर जागा झाला. चेर्नोबिलची दुर्घटना २६ एप्रिल १९८६ ची, म्हणून त्याला 'चेर्नोबिल' असेही नाव पडले. सुमारे एक किलोबाइटचा हा व्हायरस विंडोज ९५ आणि ९८ च्या फाइलींमधल्या रिकाम्या जागांत तुकड्यातुकड्यांनी बसे. त्यामुळे फाइलीचा आकार वाढत नसे आणि संशय येत नसे. मार्च १९९९ मध्ये विकल्या गेलेल्या आयबीएमच्या काही नव्या संगणकांतही तो आधीच होता.

१८/
सीआयएच दोन घाव घाली. पहिला हार्ड डिस्कच्या सुरुवातीच्या एक मेगाबाइटवर, तिथे सारी शून्ये. दुसरा थेट बायोसवर. तोवर बायोसची चिप पुन्हा लिहिता येण्याजोगी झाली होती, आणि ही सोयच छिद्र ठरली. ज्या मदरबोर्डांवर हा दुसरा घाव बसला, तिथे बटण दाबल्यावर पडदा काळाच राही. स्वच्छ फ्लॉपीचा जुना नियम इथे निरुपयोगी होता, कारण फ्लॉपी वाचण्याइतकेही भान यंत्रात उरलेले नसे. दक्षिण कोरिया आणि तुर्कस्तानात हानी विशेष मोठी झाली.

१९/
दुरुस्ती करणाऱ्यांनी त्यावरही वाट काढली. त्याच जातीचा चांगला संगणक सुरू करायचा, तो चालू असतानाच त्याची बायोस चिप हलकेच उपसायची, तिच्या जागी मेलेली चिप बसवायची आणि तिच्यावर बायोस नव्याने लिहायचा. हात चुकला तर दोन्ही यंत्रे गमवायची. चिप बोर्डाला पक्की जोडलेली असेल, तर बहुधा बोर्डच बदलावा लागे. तिसरा नियम असा सिद्ध झाला : यंत्र स्वतः उठू शकत नसेल, तर दुसऱ्या निरोगी यंत्राचा आधार घ्यावा.

२०/
हार्ड डिस्कच्या बाबतीत दैवाने थोडी साथ दिली. फाइली कुठे आहेत ते सांगणारा तक्ता विंडोज दोन प्रतींत ठेवत असे. मोठ्या डिस्कवर पहिली प्रतच एक मेगाबाइटहून लांब असे, त्यामुळे दुसरी प्रत घावातून वाचे. अमेरिकेचे स्टीव्ह गिब्सन यांनी याच वस्तुस्थितीवर आधारलेला दुरुस्ती-प्रोग्राम विनामूल्य दिला. लहान डिस्कवर मात्र दोन्ही प्रती जवळजवळ असत आणि दोन्ही नष्ट होत. ज्यांनी घाईघाईने डिस्क फॉरमॅट करून विंडोज पुन्हा बसवले, त्यांनी वाचलेली प्रतही आपल्या हातांनी गमावली.

२१/
चेनवर तैवानमध्ये तेव्हा खटला भरता आला नाही, कारण तक्रार करायला कुणी बळी पुढे आला नाही. व्हायरसविरोधी कंपन्यांच्या बढाईला आव्हान द्यायचे होते, असे त्याचे म्हणणे होते. या प्रकरणानंतर तैवानने संगणक-गुन्ह्यांचा नवा कायदा केला. नुकसान डोळ्यांसमोर असूनही 'गुन्हा' कुठे घडला हे सांगायला कायद्याकडे शब्दच नव्हते, ही त्या काळाची खरी अडचण.

२२/
या पार्श्वभूमीवर २०१० ची घटना पुन्हा वाचली, की तिचा अर्थ स्पष्ट होतो. अल्युरॉन बहुतेकदा डिस्क हाताळणाऱ्या 'अटापी' या विंडोजच्या फाइलमध्ये शिरलेला असे. उपाय जुनाच होता. विंडोजच्या मूळ सीडीवरून संगणक सुरू करायचा आणि त्या फाइलीच्या जागी स्वच्छ प्रत ठेवायची. सीडी म्हणजे चिकटपट्टी लावलेली फ्लॉपीच, नव्या रूपातली. फक्त सुधारणा काढून टाकली तर यंत्र सुरू होई, पण रूटकिट आत तसाच राही.

२३/
यातला सर्वांत बोचरा भाग पुढे घडला. यंत्रे बंद पडू लागल्याने रूटकिटचे अस्तित्व उघड झाले होते, आणि ते त्याच्या कर्त्यांना परवडणारे नव्हते. त्यांनी काही दिवसांतच आपल्या प्रोग्राममधली चूक दुरुस्त केली. त्यानंतर बाधित संगणक पुन्हा सुरळीत सुरू होऊ लागले. कितीतरी लोकांनी त्या वेळी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. वस्तुतः त्यांचे यंत्र बरे झाले नव्हते. आजार नीट बसला होता.

२४/
२७ जून २०१७ रोजी याच पहिल्या सेक्टरवर फार मोठा हल्ला झाला. युक्रेनमधल्या एका हिशेब-प्रोग्रामच्या सुधारणेतून 'नॉटपेट्या' बाहेर पडला. तो संगणक पुन्हा सुरू करायला लावी, डिस्क तपासत असल्याचा बनावट संदेश दाखवी आणि त्याआड फाइलींचा मुख्य तक्ता कुलूपबंद करी. नंतर तो खंडणी मागे. पण पडद्यावर दिसणारा क्रमांक निव्वळ यादृच्छिक असल्याने पैसे भरूनही किल्ली मिळणे अशक्य होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने याचा ठपका रशियन लष्करावर ठेवला.

२५/
त्या लाटेचा तडाखा महाराष्ट्राच्या किनाऱ्यालाही बसला. डेन्मार्कच्या मर्स्क समूहाशी संबंधित, न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातल्या टर्मिनलचे संगणकीय काम ठप्प झाले आणि कंटेनरांची हालचाल अडली. मर्स्कला जगभरातले ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. ते काम दहा दिवसांत झाल्याचे कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितले. साऱ्या जाळ्याची ओळखपत्रे सांभाळणाऱ्या सर्व्हरची एकच प्रत शाबूत होती. ती घानामध्ये होती, आणि तीही हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून. तिची डिस्क माणसाच्या हातून नायजेरियामार्गे इंग्लंडला नेण्यात आली.

२६/
१९८१ च्या आंधळ्या विश्वासाला उत्तर शोधायला तीस वर्षे लागली. २०१२ च्या विंडोज ८ पासून 'सिक्युअर बूट' सर्वदूर पोहोचले. त्यात पहिल्या प्रोग्रामची स्वाक्षरी तपासल्याशिवाय कारभार सोपवला जात नाही. पहारेकरी आता नुसता शिक्का नव्हे, सही पडताळू लागला. तरी २०१८ मध्ये 'लोजॅक्स' आढळला. तो मदरबोर्डवरच्या चिपमध्येच राहत असे. विंडोज पुन्हा बसवले किंवा हार्ड डिस्क बदलली, तरी तो टिके. सीआयएचने जी जागा उद्ध्वस्त केली, तिथे लोजॅक्सने बिऱ्हाड केले.

२७/
आज व्हायरसनंतर एखादा लॅपटॉप नीट सुरू होत नाही, तेव्हा जाणकार जे क्रमाने करतात, त्यातल्या प्रत्येक पायरीमागे यातली एखादी हानी आहे. इंटरनेट तोडणे हे नॉटपेट्याने शिकवले. दुसऱ्या निरोगी संगणकावर तयार केलेल्या पेनड्राइव्हवरून सुरू करणे हे ब्रेनने. दुरुस्तीआधी कामाच्या फाइलींची प्रत काढणे हे मंकी आणि वन हाफने. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला तरी बाहेरून तपासणी पूर्ण करणे, आणि शंका उरली तर सर्व पुसून विंडोज नव्याने बसवणे, हे अल्युरॉनने. पासवर्ड बदलायचे तेही दुसऱ्या यंत्रावरून.

२८/
संगणक पुन्हा सुरू झाला, एवढ्यावर दुरुस्ती संपली असे मानण्याची ओढ प्रत्येक पिढीत दिसते. १९९२ मध्ये ती होती, २०१० मध्ये होती. ज्यांची कागदपत्रे, प्रबंध, घरची छायाचित्रे शेवटी वाचली, त्यांच्याकडे बहुधा एकच गोष्ट होती : आजारी यंत्राच्या आवाक्याबाहेर, वेगळी काढून ठेवलेली एक प्रत. मर्स्कसारख्या महाकाय कंपनीला ती घानातल्या गेलेल्या विजेने दिली. इतरांना ती आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने ठेवावी लागते.

(धागा समाप्त)